साहित्यकृतीत बोलते कोण? : कविता, नाटक आणि कथा वाचताना



या अभ्यासक्रमात आपण निरनिराळ्या काळांतील कविता, नाटके आणि कथा वाचणार आहात. त्यांची आशयसूत्रे, रचनेची वैशिष्ट्ये आणि लेखकांचा परिचय त्या त्या घटकात येईलच. प्रस्तुत घटकाचा हेतू मर्यादित आहे. कोणतीही साहित्यकृती हाती घेतल्यावर आरंभीच विचारावा असा एक प्रश्न येथे आपण पाहणार आहोत : समोरचे वाक्य कोण बोलत आहे? ते कोणाला उद्देशून आहे, आणि बोलणाऱ्याला स्वतःच्या बोलण्याचा अर्थ कितपत उमगला आहे, हे दोन उपप्रश्न त्याला जोडूनच येतात.

प्रश्न फार साधा वाटतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव छापलेले असते. तेव्हा बोलणारा तोच, असे आपण गृहीत धरतो. 'येथे कवी म्हणतो की', 'लेखकाच्या मते' अशी वाक्ये उत्तरपत्रिकांत सर्रास आढळतात ती या गृहीतकामुळेच. पुष्कळदा त्याने फारसे बिघडतही नाही. पण कधीकधी ढोंगी पात्राचे भाषण नाटककाराच्या नावावर जमा होते, विनोदाने म्हटलेले वाक्य उपदेश म्हणून उद्धृत केले जाते आणि कलाकृतीचा अर्थ नेमका उलटा होऊन बसतो. अशा वेळी विद्यार्थ्याने अभ्यास केलेला नसतो असे नाही. त्याने शब्द वाचलेले असतात, आवाज ऐकलेला नसतो.

दूरशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण येथेच आहे. महाविद्यालयातील वर्गात शिक्षक कविता म्हणून दाखवतात, नाटकातील संवाद थोडाफार साभिनय वाचतात. उपरोध कोठे आहे, आर्तता कोठे आहे, हे आवाजाच्या चढउतारावरूनच कळते. आपल्यापुढे असते ते छापील पान, तेही दिवसभराच्या कामानंतरचे. यावर एक जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे. नेमलेला उतारा मोठ्याने वाचावा. घरातील मंडळी पहिले दोन दिवस हसतील. तिसऱ्या दिवशी कदाचित ऐकू लागतील. वाक्य तोंडातून निघू लागले, की ते कोणाच्या तोंडी शोभते आणि कोणाच्या नाही, हे कानालाच जाणवते.

मराठी क्रियापद आणि सर्वनाम काय सांगतात

बोलणाऱ्याचा शोध घेण्यासाठी मराठी वाचकाजवळ काही साधने जन्मापासूनच असतात. इंग्रजी वाक्यात 'मी' म्हणणारी व्यक्ती पुरुष आहे की स्त्री, हे क्रियापदावरून समजत नाही. मराठीत 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांत ते तत्काळ समजते. त्यामुळे पुरुष कवीने स्त्रीलिंगी क्रियापद वापरले, की तेथे भूमिकांतर झाले आहे हे निश्चित समजावे. ज्ञानदेवांच्या नावावर असलेल्या विरहिणी वाचताना हे प्रकर्षाने जाणवते. तेथे बोलणारी प्रियकराची वाट पाहणारी स्त्री आहे, आणि शेवटी नाममुद्रा मात्र एका पुरुष संताची. ही विसंगती नव्हे. भक्ताने आपले परमेश्वराशी असलेले नाते सांगण्यासाठी निवडलेली ती भूमिका आहे, आणि ती भूमिका आपल्याला कळते ती एका प्रत्ययामुळे.

दुसरे साधन संबोधनाचे. तू, तुम्ही, आपण. अरे, अहो, अगं. या प्रत्येकात दोन माणसांमधील अंतर मोजून दिलेले असते. संत विठ्ठलाला 'तू' म्हणतात, त्याच्याशी भांडतात, त्याला माउली म्हणतात. एखाद्या अभंगात हे संबोधन मध्येच बदलले, तर तेथे थांबून विचार करावा.

तिसरे साधन बहुवचनाचे. मराठीत 'आम्ही' म्हटले, की ऐकणारा त्यातून वगळला जातो. 'आपण' म्हटले, की तो आत घेतला जातो. केशवसुतांच्या 'आम्ही कोण?' या कवितेच्या शीर्षकातच हा भेद दडलेला आहे. तेथील 'आम्ही' म्हणजे कवींचा वर्ग. त्याला कोणीतरी, बहुधा जरा तुच्छतेने, तुमची योग्यता काय असे विचारले आहे, आणि कविता म्हणजे त्या प्रश्नकर्त्याला दिलेले ताठ मानेचे उत्तर आहे. प्रश्नकर्ता कवितेत दिसत नाही. तरी त्याच्यावाचून कवितेचा स्वर समजत नाही. पुढे प्र. के. अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले'मध्ये या कवितेचे विडंबन केले. त्यांनी बोलण्याचा घाट, अदृश्य प्रश्नकर्ता आणि ताठ मानही तशीच ठेवली. फक्त 'आम्ही' बदलला. द्रष्ट्या कवींच्या जागी मासिकांतून मिरवणारे कवडे आले आणि तोच आवेश हास्यास्पद झाला. बोलणारा बदलला की त्याच स्वराचा अर्थ किती पालटतो, याचे याहून सोयीस्कर उदाहरण मराठीत क्वचितच मिळेल. दोन्ही कविता लागोपाठ मोठ्याने वाचून पाहाव्यात.

एका भारुडातील सासुरवाशीण

आता थोडे अधिक गुंतागुंतीचे उदाहरण घेऊ. सोळाव्या शतकात पैठण येथे होऊन गेलेल्या संत एकनाथांनी विपुल भारुडे रचली. ती वाचण्यासाठी नव्हे, तर सोंग घेऊन गाण्यासाठी होती. वासुदेव, गोंधळी, जोशी, महार, जोगवा मागणारी स्त्री अशी गावगाड्यातील अनेक माणसे त्यांत स्वतःच्या बोलीत बोलतात. वैदिक परंपरेत वाढलेल्या एका ब्राह्मण पंडिताने इतक्या जणांच्या तोंडून बोलावे, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लहान नव्हे.

यांपैकी भवानीला घातलेल्या साकड्याचे एक भारूड सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यात एक सासुरवाशीण देवीची करुणा भाकते. परगावी गेलेल्या सासऱ्याचे काय व्हावे, जाच करणाऱ्या सासूचे काय व्हावे, तोंडाळ जावेवर कोणती पाळी यावी, नणंदेच्या रडक्या पोराला काय व्हावे, अशा तिच्या मागण्या क्रमाने येतात. शेवटी ती नवऱ्यावरही येते. सगळे जावेत आणि आपण एकटीच उरावे, हे तिचे अखेरचे मागणे.

मार्गदर्शिकांमध्ये या भारुडाचा अर्थ दोन ओळींत उरकलेला असतो : सासरची माणसे म्हणजे अहंकारादी विकार, ते नाहीसे व्हावेत ही साधकाची प्रार्थना. अर्थ चुकीचा नाही, परंतु तो फार लवकर सांगितला गेला आहे. रूपकाची किल्ली हाती पडताच विद्यार्थी सासुरवाशिणीला निरोप देतात. वास्तविक सर्वांत आधी बोलते ती तीच.

म्हणून आपला प्रश्न येथे विचारू. बोलते कोण? पहिली बोलणारी म्हणजे ती गांजलेली सून. तिची भाषा स्वयंपाकघरातील आणि पाणवठ्यावरील आहे. जात्यावरच्या ओव्यांतून बायकांनी जे सासुरवासाचे दुःख शतकानुशतके गायिले, त्याच्याशी तिच्या तक्रारीचे नाते आहे. दुसरा बोलणारा म्हणजे सोंग घेऊन उभा राहिलेला भारूडकार, बहुधा लुगडे नेसलेला पुरुष. त्याच्या तोंडी ते मागणे येताच श्रोत्यांत हशा पिकतो. हसणाऱ्यांत सासवा असतात, सुनाही असतात; दोघींचे हसणे सारखे नसते. आणि तिसरा बोलणारा येतो तो शेवटच्या चरणात, 'एका जनार्दनी' या नाममुद्रेसह. एकनाथ आपल्या नावाला देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे, म्हणजे आपल्या गुरूंचे नाव जोडून सही करतात, आणि त्या क्षणी इतका वेळ ऐकलेल्या सर्व मागण्या मागे वळून पुन्हा ऐकाव्या लागतात. घरातल्या जाचातून सुटण्यासाठी मागितलेले एकटेपण आता साधकाच्या एकत्वाच्या अंगाने ऐकू येऊ लागते.

ऐकणारेही तीन आहेत. भवानी, पटांगणात बसलेला गाव, आणि त्या गावातील एखादा विचारी श्रोता. नाथांनी मुक्तीची तळमळ सांगण्यासाठी सुनेचाच आवाज का निवडला, याचे उत्तर या रचनेतच सापडते. 'सुटका' या शब्दाचा अर्थ त्या पटांगणात तिच्याइतका कोणाला ठाऊक असणार? तिचे दुःख खरे नसते, तर रूपकाला वजन आले नसते. तेव्हा परीक्षेत या भारुडावर लिहिताना आध्यात्मिक अर्थ जरूर सांगावा. पण त्याआधी सुनेच्या तक्रारीला निदान एक परिच्छेद द्यावा.

जेथे निवेदकच नाही

कवितेत कवी आणि बोलणारा यांची गल्लत होण्याला निदान निमित्त असते. दोघांसाठीही 'मी' हेच सर्वनाम येते. नाटकात तेही निमित्त नाही. रंगसूचना सोडल्या तर नाटककार स्वतः एक वाक्यही बोलत नाही. प्रत्येक वाक्य कोणत्या ना कोणत्या पात्राचे असते आणि ते समोरच्या पात्राकडून काहीतरी मिळवण्यासाठी, लपवण्यासाठी किंवा त्याला दुखावण्यासाठी उच्चारलेले असते. एकट्या बोलणाऱ्याचे शब्द ऐकून समोरच्याचे शब्द ताडण्याचा सराव करावयाचा असेल, तर दिवाकरांच्या नाट्यछटा वाचाव्यात. शंकर काशीनाथ गर्गे यांनी 'दिवाकर' या नावाने 1911 पासून हा प्रकार मराठीत रुजवला. इंग्रज कवी ब्राउनिंग याच्या नाट्यात्म एकभाषितांचा आदर्श त्यांच्यापुढे होता. नाट्यछटेत एकच व्यक्ती बोलते. इतरांची उत्तरे तिच्या बोलण्यातून ओळखायची असतात, आणि बहुतेक वेळा बोलणारी व्यक्ती स्वतःचा क्षुद्रपणा नकळत उघडा करते. लेखक त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

नाटकात 'कोण बोलते' हा प्रश्न राजकीयही होऊ शकतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' हे नाटक 1907 मध्ये रंगभूमीवर आले. कथानक महाभारतातील, विराटनगरीतील अज्ञातवासाचे. सैरंध्रीच्या वेषातील द्रौपदीचा कीचक अपमान करतो. कंकभट्टाच्या वेषातील युधिष्ठिर संयम सांगतो. बल्लवाच्या वेषातील भीम कीचकाला ठार करतो. नाटकात समकालीन व्यक्तीचे नाव कोठेही नाही. तरीही प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत अपमानित भारतमाता, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल दिसले. त्याच वर्षाअखेर सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेसमधील हे दोन पक्ष वेगळे झाले, हे लक्षात घेतले म्हणजे युधिष्ठिर-भीमाचा वाद प्रेक्षकांना किती जवळचा वाटला असेल याची कल्पना येते. 1910 मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. बंदी घालणाऱ्या अधिकाऱ्यांनी नाटक नीट वाचले नाही, असे म्हणता येत नाही. त्यांनी ते प्रेक्षकांच्या कानांनीच ऐकले होते. मात्र आज हे नाटक वाचताना आपण केवळ 'कीचक म्हणजे कर्झन' एवढे समीकरण पाठ करू नये. भारुडाच्या बाबतीत जी घाई टाळावयाची, तीच येथेही. भीम आधी अपमानित पत्नीसमोर उभा असलेला पती आहे. जहालांचा प्रतिनिधी तो त्यानंतर होतो.

अभिरूप न्यायालयाची भाषा

विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक 1967 मध्ये रंगमंचावर आले. 'रंगायन' या संस्थेच्या या प्रयोगाचे दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांनी केले होते आणि लीला बेणारे हिची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती. 'कोण बोलते' हा प्रश्न या नाटकात जितक्या थरांवर विचारावा लागतो तितका फार थोड्या मराठी नाटकांत विचारावा लागतो. म्हणून येथे जरा थांबू.

मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करण्यासाठी एका गावी आली आहे. रात्रीच्या कार्यक्रमाचा विषय अण्वस्त्रांचा आहे. एक सदस्य येऊ शकलेला नाही. त्याच्या जागी उभ्या करावयाच्या सामंत या स्थानिक माणसाने न्यायालय कधी पाहिलेले नाही. त्याला सराव व्हावा आणि वेळही जावा, म्हणून एक लुटुपुटुचा खटला चालवायचे ठरते. शाळेत शिक्षिका असलेल्या मिस बेणारे यांना आरोपी केले जाते. आरोप भ्रूणहत्येचा. सगळी गंमत.

या क्षणापासून प्रत्येक पात्र दोन तोंडांनी बोलू लागते. सुखात्मे हा न चालणारा वकील आहे. खेळातल्या कोर्टात मात्र त्याच्या वाणीला धार चढते. काशीकर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून मधूनमधून कान कोरतो. एखादे वाक्य तो न्यायाधीश म्हणून बोलला, की मंडळीचा प्रमुख म्हणून, की मनात आकस असलेला माणूस म्हणून, हे ठरवणे हळूहळू अशक्य होत जाते. कोर्टाची भाषा हा एक आडोसा आहे. जे एरवी बोलण्याची या माणसांना लाज वाटली असती, ते 'साक्ष' या नावाखाली बिनदिक्कत बोलता येते. आणि बेणारे चिडली, की 'अहो, हा तर खेळ आहे' असे म्हणण्याची सोयही राहते.

सामंताची साक्ष या दृष्टीने विशेष पाहण्याजोगी आहे. त्या बिचाऱ्याला बेणारेबद्दल काहीच ठाऊक नाही. साक्षीदार म्हणून काहीतरी सांगायचे म्हणून तो आपल्याजवळच्या एका कादंबरीतील प्रसंग तिच्यावर बेतून सांगतो. म्हणजे कादंबरीकाराची वाक्ये, सामंताचे तोंड, खोट्या कोर्टातील साक्ष. यात सत्याचा लवलेश असण्याचे कारण नाही. पण ती बनावट गोष्ट खऱ्या आयुष्याच्या इतकी जवळ जाते, की इतर सर्वांचे कान टवकारतात. येथून खेळ शिकारीत बदलतो. सामंत हा सर्वांत निरुपद्रवी माणूस, आणि त्याच्या बोलण्याने सर्वांत मोठे दार उघडते. आपण काय बोललो हे त्याला कळलेले नसते.

या नाटकात मातृत्वाच्या पावित्र्याचा गौरव करणारी सुभाषितवजा भाषणे आहेत. सुटी करून वाचली तर ती एखाद्या निबंधात शोभतील, आणि काही विद्यार्थी ती तशी उद्धृतही करतात. 'तेंडुलकरांनी मातृत्वाची महती गायिली आहे' असा निष्कर्ष काढतात. ती भाषणे कोणाच्या तोंडी आहेत, कोणाविरुद्ध वापरली आहेत, हे पाहिले की अंगावर काटा येतो. मातृत्वाची महती सांगणारे हेच न्यायालय शेवटी बेणारेच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावते. ज्या कृत्याचा आरोप ठेवून खटला सुरू झाला, तेच कृत्य शिक्षा म्हणून सांगितले जाते. नाटककाराला यावर भाष्य करावे लागलेले नाही. त्याने आरंभ आणि शेवट समोरासमोर ठेवला आहे.

आणि बेणारेचे प्रसिद्ध स्वगत? शिक्षेपूर्वी आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद दिले जातात. इतर पात्रे जागच्या जागी स्तब्ध होतात आणि बेणारे दीर्घ काळ बोलत राहते : शरीराविषयी, प्रेमाविषयी, फसवणुकीविषयी, होणाऱ्या मुलाविषयी. ती थांबते तेव्हा कोर्टाच्या घड्याळाप्रमाणे फक्त ते दहा सेकंद संपलेले असतात. मग ती बोलली की नाही? कोणाशी बोलली? रंगमंचावरील कोणीही ते ऐकल्याची खूण देत नाही. ऐकले ते प्रेक्षकांनी. 'बेणारे समाजाला सडेतोड उत्तर देते' असे विधान वारंवार वाचायला मिळते. माझ्या मते ते नाटकाने दाखवलेल्या वास्तवापेक्षा आशावादी आहे. उत्तर दिले असे म्हणण्यासाठी समोर ऐकणारा असावा लागतो, आणि त्या खोलीत तो नाही. पडदा पडण्यापूर्वी सामंत तिच्यापाशी एक कापडी पोपट हळूच ठेवून जातो. साऱ्या नाटकात तिच्याविषयी दाखवलेला बहुधा हाच निखळ जिव्हाळा, आणि त्यात शब्द नाहीत.

स्वयंअध्ययनासाठी येथे एक काम करावे. नाटकातील कोणतीही सलग दोन पाने निवडून प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने लिहावे : हे वाक्य खेळातले आहे की खेळाबाहेरचे? जेथे ठरवता येणार नाही तेथे प्रश्नचिन्ह करावे. दुसऱ्या पानावर प्रश्नचिन्हे वाढली तर का वाढली, याचा विचार करावा.

कथेतील 'मी'

कथेत निवेदक असतो. तो 'तो गेला, ती आली' असे सांगणारा सर्वज्ञ असेल किंवा 'मी' म्हणून बोलणारा असेल. यांपैकी दुसऱ्या प्रकारात वाचकाची फसगत अधिक होते. निवेदक 'मी' म्हणतो आणि आपण त्याला लेखकाचा चेहरा चिकटवतो.

बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह 1963 मध्ये प्रकाशित झाला. शीर्षककथेतील निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातमधील उधना येथे येतो. नवे गाव, राहायला जागा हवी, आणि प्रत्येक ओळखीच्या आरंभी तोच प्रश्न : जात कोणती? तो जात सांगत नाही. त्याच्या बोलण्यावरून, वाचनावरून लोक त्याला उच्चवर्णीय समजतात. त्याला मान देतात. काशीनाथ हा त्याच्याच समाजाचा सहकारी मात्र काही लपवत नाही आणि त्याची किंमत रोज मोजतो. अखेर सत्य उघड होते, आदर करणारेच हात निवेदकाला मारतात, काशीनाथ त्याला सोडवतो. या माणसांचा मार का सोसलास, असे काशीनाथ विचारतो तेव्हा निवेदक त्या मारामागचा हात मनूचा असल्याचे सांगतो.

बागूल स्वतः रेल्वेच्या नोकरीत होते. त्यामुळे ही कथा म्हणजे त्यांचे आत्मचरित्र, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. अनुभवाचा आधार नाकारण्याचे कारण नाही. परंतु कथा हा अनुभवाचा नुसता जबाब असता, तर तिचे शीर्षक असे नसते. या शीर्षकाकडे नीट पाहावे.

'चोरणे' हे क्रियापद कोणाचे? आपली जात ही आपलीच. स्वतःच्या मालकीची वस्तू कोणी चोरत नाही. जात 'चोरली' असे म्हणते ते जात विचारणारे जग. त्याच्या दृष्टीने ती सांगणे हे कर्ज आहे आणि न सांगणे हा गुन्हा. निवेदक तो आरोपाचा शब्द स्वतःच्या तोंडी घेतो, म्हणजे फिर्यादीची भाषा आरोपी बोलतो. पण मराठीत 'चोरणे' याला आणखी एक अर्थ आहे. आपण 'अंग चोरून बसला' म्हणतो, 'काम चोरतो' म्हणतो. तेथे चोरणे म्हणजे आखडून घेणे, आत ओढून घेणे. गर्दीत दुसऱ्याला स्पर्श होऊ नये म्हणून अंग चोरणाऱ्या माणसाची प्रतिमा अस्पृश्यतेच्या संदर्भात काय सुचवते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. एकाच क्रियापदात जगाचा आरोप आणि माणसाचे आक्रसणे, दोन्ही ऐकू येतात.

आता 'होती' पाहा. 'चोरली' एवढ्यावर वाक्य थांबले असते तर प्रसंग ताजा वाटला असता. 'चोरली होती' म्हणताच सांगण्याचा क्षण आणि घडण्याचा क्षण यांत अंतर पडते. उधन्याला आलेला तरुण आणि आज ती हकिकत सांगणारा माणूस यांत निदान एका माराचे अंतर आहे. 'जेव्हा'ने सुरू झालेले हे वाक्य अपुरेही आहे. जेव्हा असे झाले, तेव्हा काय? त्या 'तेव्हा'चे उत्तर म्हणजे संपूर्ण कथा.

येथे ऐकणारा कोण, हेही विचारात घ्यावे. निवेदकाचे गुपित कथेतील इतर पात्रांना ठाऊक नसते, वाचकाला मात्र ते शीर्षकापासून ठाऊक असते. एखादे पात्र त्याला आदराने घरी बोलावते तेव्हा त्या पात्राला आनंद होतो आणि वाचकाचा जीव मुठीत येतो. आपण नकळत गुपिताचे वाटेकरी झालेले असतो. वाचक कोणत्याही समाजाचा असो, कथा संपेपर्यंत त्याला त्या तरुणाच्या बाजूला उभे राहावेच लागते. एखाद्या भाषणाने हे साधले नसते. हे साधले आहे 'मी'च्या निवडीने. हीच कथा सर्वज्ञ निवेदकाने 'त्याने जात चोरली होती' अशी सांगितली असती तर काय हरवले असते, यावर पाच-सहा ओळी लिहून पाहाव्यात. त्या वाक्याचा कर्ता बदलताच ते पोलिसांच्या नोंदवहीतले वाटू लागते.

उत्तर लिहिताना

प्रत्यक्ष उत्तर लिहिताना 'कवी म्हणतो' हा शब्दप्रयोग पूर्णपणे वर्ज्य करावा असे नाही. तुकारामांच्या आत्मपर अभंगांत 'तुका म्हणे' असे आले, की कवी आणि बोलणारा यांत फारसे अंतर ठेवण्याचे कारण उरत नाही. तेथे उगाच 'निवेदक', 'काव्यगत मी' अशी परिभाषा वापरून उत्तर जड करू नये. नाटकातील वाक्य उद्धृत करताना मात्र पात्राचे नाव आणि प्रसंग यांचा उल्लेख अवश्य करावा. प्रथमपुरुषी कथेसंबंधी लिहिताना 'निवेदक' हा शब्द वापरावा, आणि लेखकाच्या आयुष्याचा संबंध जोडायचा असल्यास तो स्वतंत्र वाक्यात जोडावा.

पुढील घटकाकडे वळण्यापूर्वी आपल्या अभ्यासक्रमातील कोणतीही एक कविता घ्यावी. तीत 'मी', 'आम्ही', 'आपण', 'तू' यांपैकी जी सर्वनामे आली असतील त्यांच्याखाली रेघ मारावी. क्रियापदांवरून बोलणाऱ्याचे लिंग कळते का ते पाहावे. आणि ज्याला उद्देशून ती कविता आहे त्याने, तोंड उघडण्याची संधी मिळाली असती तर, काय उत्तर दिले असते ते चार ओळींत लिहावे. लिहिलेल्या ओळी अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात सोबत आणाव्यात.